दिवसाला दोन जीबी

१

शुक्रवारी सकाळी साडेसहाला दिघीत लष्कराच्या तारेच्या कुंपणाकडेने फिरायला निघालेल्या दोन निवृत्त माणसांना आधी कुत्री दिसली. चार-पाच कुत्री चरात उतरून काहीतरी ओढत होती. त्यांनी दगड मारून ती हाकलली, तेव्हा बाभळीच्या तोडलेल्या फांद्यांखालून एक हात बाहेर आलेला दिसला.

सहायक पोलीस निरीक्षक तनुजा बोऱ्हाडे पाऊण तासात तिथे पोचल्या. माणूस तिशीचा होता, अंगात कंपनीचा निळा टी-शर्ट. डोक्यात मागून एक घाव होता आणि तोंडावर चार. डावा गाल आणि डोळा आत गेले होते. मारणाऱ्याने माणूस पडल्यावरही हात थांबवला नव्हता. दहा पावलांवर बांधकामाच्या सळईचा दोन फुटी तुकडा सापडला, मातीने घासून पुसलेला.

दोन गोष्टी तनुजाताईंच्या लक्षात राहिल्या. मेलेल्याच्या उजव्या तळव्यात काळ्या काचेचे बारीक तुकडे रुतले होते. ती मोबाइलच्या पडद्याची काच होती, पण मोबाइल कुठेच नव्हता. आणि पँटच्या मागच्या खिशात चार घड्या घातलेला वहीचा कागद होता. पाकीट होतं तसंच होतं.

गेटपासवरून नाव कळलं, गणराज सवंडकर. मूळचा हिंगोलीकडचा. चाकणजवळच्या म्हाळुंग्यात गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये तो ऑपरेटर होता. दिघीत आबाजींच्या चाळीत खोली घेऊन राहत होता. गुरुवारी कंपनीला सुट्टी होती. डॉक्टरांनी सांगितलं की गुरुवारी दुपारपासून रात्रीपर्यंत केव्हाही मेला असेल; दिवसभर तापलेल्या खडकात पडलेल्या प्रेतावरून याहून नेमकं सांगता येणार नाही.

नेमकं सांगितलं ते बायकोने. हवालदार हिंदुरावांनी गावी फोन लावला, तेव्हा फोन वर्षालीने उचलला. मग तिने काल नवऱ्याचा आलेला मेसेज वाचून दाखवला. दुपारी तीन पन्नासला आला होता.

‘चाकणला अर्जुनरावानं बोलवलंय. जाऊन येतो. काय ते आज मिटवतो.’

अर्जुनराव म्हणजे गणराजच्या कंपनीतला लेबर कॉन्ट्रॅक्टर. त्याच्याच दोन माणसांनी सोमवारी कंपनीच्या गेटवर गणराजचे दोन दात पाडले होते.

२

भांडणाचं मूळ एका हातात होतं. दोन महिन्यांपूर्वी पूनम नावाच्या कामगार बाईचा उजवा हात प्रेसखाली मनगटापासून गेला. यंत्रासमोर उजेडाचा एक अदृश्य पडदा असतो. त्यात हात आला की प्रेस जागीच थांबते. त्या दिवशी थांबली नाही. कंपनीच्या कागदात लिहिलं गेलं की बाईंनी निष्काळजीपणे मागच्या बाजूने हात घातला. शेजारच्या यंत्रावर गणराज होता. त्यानेच तिला ओढून काढलं होतं, आणि तिचं रक्त भरलेला हातमोजा त्यानेच बादलीत टाकला होता. तेव्हापासून तो गप्प बसत नव्हता.

अर्जुनरावने मारहाण नाकारली नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पोरांनी जास्त केलं, पण गुरुवारी त्याने गणराजला बोलावलं नव्हतं. सुट्टी असूनही दुपारी एक ते साडेचार तो कंपनीत, बाहेरून आलेल्या तपासणी पथकासमोर होता. त्यानंतर गाडी घेऊन एकटाच खेडच्या बाजूला एका धाब्यावर जाऊन प्यायला. कुणी ओळखीचं भेटलं का, तर नाही. तनुजाताईंनी मनात धरलं की मेसेज खरा असेल, तर या माणसाच्या संध्याकाळचा जामीन कुणीच देत नाही.

शनिवारी सकाळी वर्षाली आली. तिला गावाहून घेऊन आला तो किसन, गणराजच्याच गावचा, त्याच्याच खोलीत राहणारा. कंपनीत तो डाय सेटर होता, म्हणजे प्रेसमध्ये साचे बसवणारा. गुरुवारी साडेचारला भोसरीच्या स्टॉपवरून हिंगोलीच्या बसमध्ये बसल्याचं त्याने सांगितलं. तिकीट होतं आणि कंडक्टरलाही तो आठवत होता. शुक्रवारी बातमी कळली तेव्हा तो गावातच होता. वर्षालीला सावरून त्याच संध्याकाळच्या बसने तो परत फिरला. त्याचे डोळे सुजले होते. निघताना गणराज अंघोळ करून चाकणला जायच्या तयारीत होता, एवढंच त्याला माहीत होतं. मोबाइलचं विचारल्यावर तो म्हणाला, गणराजने मंगळवारी नवा घेतला, जुना दुकानात देऊन अडीच हजार कमी करून घेतले.

भोसरीच्या स्मशानात दुपारी अंत्यसंस्कार झाले आणि तिथूनच शंभरेक कामगार ट्रकमध्ये भरून म्हाळुंग्याला गेले. मेसेजची बातमी सगळ्यांना लागली होती. अर्जुनरावची गाडी गेटबाहेर पडत होती. काचा फुटल्या, दार उपटलं गेलं. त्याला कॉलरला धरून रस्त्यावर आणलं आणि फरशीच्या ब्लॉकने, बुटांनी, हेल्मेटने मारलं. हिंदुरावांची जीप पोचली तेव्हा त्याचा जबडा खाली लोंबत होता आणि एक कान फाटला होता. हिंदुरावांनी घोळक्यात शिरून जो पहिला माणूस मागे खेचला, तो किसन होता. त्याच्या हातात ब्लॉक होता. वर्षालीसोबत दुसरं कुणी नाही म्हणून त्याला जबाब घेऊन सोडलं.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. अर्जुनराव वाचेल की नाही, ते डॉक्टर सांगू शकत नव्हते.

३

तनुजाताईंना एक गोष्ट खटकत होती. ज्याला मारायचं आहे त्याला चाकणला बोलवून, परत दिघीत त्याच्या घराजवळ आणून कोण मारेल? चाकणच्या डोंगरात जागा कमी आहे का?

म्हणून त्या घराजवळ शोधायला लागल्या, आणि लगेच रणजीत सापडला. चाळमालक आबाजींचा थोरला. पाण्याच्या मोटरवरून त्याचं आणि गणराजचं आठवड्यापूर्वी हातघाईवर आलं होतं. गुरुवारी संध्याकाळी सातला तो अंगणात जीपची सीट पाइप लावून धूत होता आणि पाणी लाल वाहत होतं, असं समोरच्या इंदुताईंनी पाहिलं होतं.

रणजीतला ठाण्यात बोलावलं तर तो आला नाही. घरी गेले तर त्याने हिंदुरावांच्या कानाखाली मारली. मग चौघांनी मिळून त्याला जीपमध्ये कोंबला. त्यात त्याचं नाक फुटलं. म्हातारे आबाजी उंबऱ्यावर उभे होते. ते तनुजाताईंना म्हणाले, “पोरगं आडदांड हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर मानूस मारून घरी जेवाय बसंल, असलं न्हाई त्ये.”

रणजीतचं सांगणं असं होतं. गुरुवारी तो बारापासून चारपर्यंत बैलगाडा शर्यतीच्या घाटात होता. चारनंतर निकालावरून मारामारी झाली आणि चुलतभावाचं डोकं फुटलं. सीटवरचं रक्त त्याचं. चुलतभावाला टाके होते, पण तो रणजीतचाच माणूस. साडेपाच ते सात या वेळेत रणजीत कुठे होता, ते तो सांगेना. शेवटी बायकोला कळता कामा नये या अटीवर त्याने सांगवीतला एक पत्ता दिला. त्या घराला कुलूप होतं.

रविवारी सकाळी तनुजाताईंसमोर दोन माणसं होती. एक दवाखान्यात, एक कोठडीत. दोघांकडे कारण होतं, दोघांच्या अंगात तसं मारण्याचा आडदांडपणा होता आणि दोघांच्याही संध्याकाळी मोकळ्या होत्या. वरून फोन आला की कुणातरी एकाला अटक दाखवा, नाहीतर कामगार कंपनी जाळतील.

त्यांनी कपाटातून खिशातला तो कागद काढला.

४

कागदावर तीन उभे रकाने होते, तीन मोबाइल कंपन्यांचे. प्रत्येकाखाली नव्या फोनचा हप्ता, किती महिने कंपनी बदलता येणार नाही, आणि दिवसाला किती डेटा. एकीत फोन स्वस्त पण दीड वर्ष बांधून घेणार. दुसरीत फोन सुटा घ्यायचा, दिवसाला दीड जीबी. तिसरीत दिवसाला दोन जीबी, नवरा-बायकोचे दोन्ही नंबर एकाच रिचार्जमध्ये, आणि फाइव्ह जी असेल तर मर्यादा नाही. या तिसऱ्याला गोल केला होता. खाली लिहिलं होतं, ‘जुना देणार नाही.’ आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित, ‘१२ मि. = १.४’.

ज्या दुकानाचा शिक्का कोपऱ्यात होता ते विजयश्रीचं होतं, दिघीच्या चौकात. चाळिशीची, बोलायला मोकळी बाई. तिला गणराज नीट आठवत होता, कारण एका फोनसाठी तो पाच वेळा आला होता. बाकी पोरं कॅमेरा बघतात, रंग बघतात. हा एकच विचारायचा, की बारा मिनिटांचा व्हिडिओ पाठवला तर किती जाईल, आणि राहिलेलं दुसऱ्या दिवशी पुढे चालू होईल का.

तनुजाताईंनी विचारलं, पाठवला की पाहिला?

“पाठवला. मॅडम, बघणाऱ्याला कुणी असा हिशोब करताना मी पाहिलं नाही. त्याच्याकडे स्वतः काढलेले व्हिडिओ होते. जुन्या फोनमध्ये. दीड जीबीत रोज एक जेमतेम जायचा, म्हणून त्याला मर्यादा नसलेला प्लॅन पाहिजे होता. सगळे एका दिवसात पाठवून मोकळं व्हायचंय म्हणायचा.”

म्हणजे जुना फोन त्याने दुकानात दिलाच नव्हता. विजयश्रीने बिलाची प्रत काढून दाखवली. जुन्या फोनच्या बदलीची ओळ रिकामी होती. अडीच हजार सुटत होते तरी त्याने तो दिला नव्हता, याचं तिलाच तेव्हा नवल वाटलं होतं.

किसनने मग दुकानात दिला असं का सांगितलं? चुकून, असं तनुजाताईंनी स्वतःला बजावलं. साडेचारला बसमध्ये बसलेला माणूस, चारला चाकणच्या रस्त्यावर असलेल्या माणसाला दिघीत मारू शकत नाही.

तरी त्या तिथून तडक आबाजींच्या चाळीत गेल्या. खोलीत वर्षाली एकटी होती. किसन डबा आणायला गेला होता.

५

वर्षाली भिंतीला टेकून बसली होती. तनुजाताईंनी तिला तो मेसेज पुन्हा दाखवायला सांगितला. तो साधा एसएमएस होता. त्याच्या वर रिचार्जवाल्यांचे मेसेज होते, नवऱ्याचा दुसरा एकही नव्हता.

वर्षालीने सांगितलं, “ते लिव्हून पाठवतच नव्हते कधी. व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवायचे. मला वाटलं, घाईत असतेल.”

तनुजाताई तिच्याशेजारी खाली बसल्या. बोलणारा माणूस त्या दिवशी लिहायला का लागला? नव्या फोनवर व्हॉट्सअॅप चालू होतं. जुन्या फोनवरचं, नंबर नव्यावर गेल्याबरोबर बंद पडलं असणार. जुन्या फोनमध्ये सिमकार्ड घातलं तर लगेच चालेल ते फक्त साधा कॉल, साधा एसएमएस आणि इंटरनेट.

त्यांनी विचारलं की नवऱ्याचा रिचार्ज कोण करायचं. वर्षालीच करायची. दोन्ही नंबर एकाच प्लॅनमध्ये असल्यामुळे तिच्या फोनमधल्या कंपनीच्या अॅपमध्ये त्याच्याही नंबरचं सगळं दिसायचं. तिने अॅप उघडून दिलं. बुधवारी गणराजने नव्या फोनवर नऊ जीबी वापरले होते आणि दोन जीबीच्या रोजच्या कोट्यातून एक थेंबही कमी झाला नव्हता. गुरुवारी दुपारपर्यंत तसंच. मग सूचना होत्या.

तीन सदतीस: ५० टक्के डेटा संपला.

चार सहा: १०० टक्के संपला, वेग कमी केला आहे.

तनुजाताई तशाच उठून विजयश्रीकडे परत गेल्या. तिने एका वाक्यात सांगितलं. फाइव्ह जीवर केलेला वापर कोट्यात धरतच नाहीत. कोटा कमी झाला म्हणजे सिमकार्ड तेव्हा फोर जीवर होतं. मग रस्त्यात कुठे फाइव्ह जीची रेंज नसेल तर? विजयश्रीने गणराजने घेतला होता तसलाच एक फोन आणि त्याच कंपनीचं सिमकार्ड काढून दिलं. हिंदुराव तो फोन चालू ठेवून दिघी, भोसरी, मोशी, चाकण आणि परत असे फिरून आले. पूर्ण वाटेत कोटा जसाच्या तसा होता.

तीन पन्नासला मेसेज आला, तेव्हा ते सिमकार्ड नव्या फोनमध्ये नव्हतं. ते जुन्या फोर जी फोनमध्ये होतं. आणि चार सहापर्यंत त्या फोनने दोन जीबी कुठेतरी पाठवले होते.

६

बाकीचं तनुजाताईंनी ठाण्यात हिंदुरावांना समोर बसवून मांडलं.

माणूस स्वतःच्या नव्या फोनमधलं सिमकार्ड काढून जुन्यात कधी घालेल? नवा मोडला तर. नवा कधी मोडला? काच त्याच्या तळव्यात रुतली होती. म्हणजे मारताना तो फोन हातात होता आणि घाव फोनवर बसला. म्हणजे तीन पन्नासला मेसेज पाठवणारा गणराज नव्हता. तो तेव्हा चरात फांद्यांखाली होता. त्याला कुणी चाकणला बोलावलंच नव्हतं. ज्याने मारलं त्यानेच लिहिलं.

मग अर्जुनराव आणि रणजीत संध्याकाळी कुठे होते, ते विचारायची गरजच उरली नाही. प्रश्न दुपारचा होता. अडीच ते चार. अर्जुनराव तेव्हा सहा तपासनिसांसमोर बसला होता. रणजीत घाटात होता, आणि शर्यतीच्या चालू प्रक्षेपणात तीन वाजता बैलांच्या कासऱ्याला लोंबकळताना दिसत होता. संध्याकाळी ज्याच्याकडे पुरावा होता त्याला दुपारचं कुणी विचारलंच नव्हतं. दिघीहून भोसरीचा स्टॉप पंधरा मिनिटांवर. जुन्या फोनचं लॉक खोलीत राहणाऱ्यालाच माहीत असणार. आणि जुना फोन दुकानात गेला असं सांगणारा माणूस एकच होता.

हिंदुरावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “पण मॅडम, तो त्याच्या बायकोला हात धरून घेऊन आलाय.”

मोबाइल कंपनीकडून कॉलचा आणि हँडसेटचा रेकॉर्ड यायला आठवडा लागणार होता. (तो पुढे आला, आणि त्यात जुन्या फोनचाच क्रमांक निघाला.) पण दोन जीबी गेले कुठे? गणराजने गुरुवारी तारेपाशी बसून नव्या फोनचा हॉटस्पॉट जुन्याला जोडला असणार आणि व्हिडिओ चढवायला लावले असणार. घाव पडला तशी जोडणी तुटली. मारणाऱ्याने त्याच फोनमध्ये सिमकार्ड घातलं आणि अर्धवट राहिलेलं काम आपोआप पुढे सुरू झालं. तो मेसेज लिहीत होता, कपडे बदलत होता, पिशवी भरत होता, आणि खिशातला फोन कोटा संपेपर्यंत व्हिडिओ पाठवत होता.

हे व्हिडिओ कुठे साठतात ते त्यांनी वर्षालीला विचारलं. नवऱ्याचं इंटरनेटवरचं खातं तिनेच उघडून दिलं होतं. पासवर्ड तिच्याकडे होता. सोमवारी सकाळी तिला ठाण्यात बोलावून तिच्यासमोर ते उघडलं.

एक पूर्ण व्हिडिओ होता आणि दुसऱ्याचा तुकडा. पूर्ण होता तो पूनमचा हात गेला त्याच दिवशी सकाळी, पत्र्याच्या थप्पीआडून काढलेला. किसन तिच्या यंत्रापुढे वाकून सेन्सरवर काळी टेप गुंडाळत होता. मागून अर्जुनराव म्हणत होता की तासाला सहाशे नग पाहिजेत. पूनमने विचारलं, भाऊ, हे बांधल्यावर थांबंल ना मशीन? किसन हसला आणि म्हणाला, काही होत नाही, मी हाय ना.

वर्षालीने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाली की किसन भावजी खोलीवर सामान बांधायलेत, दुपारच्या गाडीने निघायचं आहे.

७

तिघांनी एकदम खोलीत शिरायचं नाही, वर्षालीने बाहेर थांबायचं, असं ठरलं होतं. ती थांबली नाही. दार उघडं होतं म्हणून तीच आधी आत गेली.

किसन गणराजचे कपडे गोणीत भरत होता. तनुजाताईंनी सरळ विचारलं की जुना फोन कुठे आहे. त्याने पुन्हा दुकानाचंच सांगितलं. त्यांनी बिल पुढे केलं. तो म्हणाला, मग मला तसं सांगितलं असंल त्यानं. तेव्हा वर्षालीने आपला फोन काढून व्हिडिओ लावला. खोलीत त्याचा स्वतःचाच आवाज आला, काही होत नाही, मी हाय ना.

चुलीशेजारी लोखंडी खलबत्ता होता. किसनने बत्ता उचलला आणि पहिला घाव हिंदुरावांच्या कपाळावर घातला. हिंदुराव दारातच कोसळले. तनुजाताईंनी पिस्तूल बाहेर काढलं, तेवढ्यात दुसरा घाव त्यांच्या उजव्या हातावर बसला आणि कोपराखाली हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. पिस्तूल खाली पडलं. किसनने ते पायाने लाथाडलं आणि बत्ता पुन्हा उचलला. या वेळी तो त्यांच्या डोक्याकडे बघत होता, अगदी शांतपणे, साचा बसवताना माप घेतात तसा.

तो घाव पडला नाही. वर्षालीने मागून पाच लिटरचा कुकर दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यात घातला. तो गुडघ्यावर आला. तिने पुन्हा घातला, खांद्यावर, पाठीवर, पुन्हा डोक्यात. बत्ता त्याच्या हातातून सुटला तरी ती थांबली नाही. ती ओरडत नव्हती, रडतही नव्हती. खोलीत फक्त भांड्याचा आवाज येत होता. रक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर उडालं. तनुजाताईंनी एका हाताने तिला कमरेला धरून मागे ओढलं आणि तिच्यासकट खाली पडल्या. त्या तिला एवढंच सांगत होत्या, तो बोलला पाहिजे, वर्षाली, तो बोलला पाहिजे.

आबाजी आणि समोरचे दोघे धावत आले आणि त्यांनी किसनला गोणीच्या सुतळीने बांधला.

८

किसन तिसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलला. डोक्याला बावीस टाके होते.

गणराजने त्याला महिनाभर समजावलं होतं. तू स्वतः जाऊन सांग की अर्जुनरावने बांधायला लावलं, मी तुझ्या बाजूने उभा राहतो. गुरुवारपर्यंत थांबतो, मग मी व्हिडिओ पाठवणार. किसनला माहीत होतं की असल्या भानगडीत मालक सुटतो आणि सेटर आत जातो. शिवाय अर्जुनरावने त्याला लाइनचा इनचार्ज करायचं कबूल केलं होतं. गुरुवारी दुपारी ते तारेपाशी सावलीत बसले. किसनला तेव्हाही वाटत होतं की गणराज शेवटी ऐकेल. गणराजने त्याच्याकडे पाठ केली, दोन्ही फोन पुढे धरले आणि म्हणाला की बघ, जायला लागला. सळई तिथेच पडलेली होती.

पहिल्या घावानंतर गणराज वळला आणि हातातला फोन त्याने तोंडासमोर धरला. त्यानंतर किती मारले ते किसनला आठवत नव्हतं. जुना फोन आणि फुटलेला नवा, दोन्ही त्याने भीमेच्या पुलावर बसच्या खिडकीतून टाकले होते. अर्जुनरावला मारायला पुढे का गेलास, असं विचारल्यावर तो म्हणाला की तो मेला असता तर सगळं त्याच्यावरच राहिलं असतं.

अर्जुनराव मेला नाही. जबड्यात तारा घातलेल्या अवस्थेत त्याला पलंगावरच अटक झाली, पूनमच्या हाताबद्दल. प्रेस शॉपच्या चार यंत्रांना कारखाना निरीक्षकांनी सील लावलं. गेटवर पोटावर पाय आला म्हणून काही कामगारांनी गणराजच्या नावाने शिव्याही दिल्या. पूनम जबाब द्यायला ठाण्यात आली. उजव्या मनगटावर ओढणी गुंडाळलेली होती. तिने डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि बाहेर बाकावर वर्षालीशेजारी जाऊन बसली. 

वर्षाली निघाली त्या दिवशी तनुजाताई गळ्यात हात बांधून भोसरीच्या स्टॉपवर गेल्या. त्यांनी तिला थोडे दिवस थांबायला सुचवलं. गावात किसनचं घर तिच्या घराला लागून होतं, लोक काय करतील याचा भरवसा नव्हता. हवं तर तिथल्या ठाण्याला फोन करते, म्हणाल्या.

वर्षालीने नकाराची मान हलवली. तिने गोणी बसच्या डिक्कीत ठेवली, हात पदराला पुसले.

“मपली लेक किसनच्या मायजवळ ठिवून आलेय, मॅडम. ती म्हातारी तिला दूधभात चारून झोपवायलीय रोज. पोरानं काय केलं ते म्हातारीला अजून कुणी सांगितलं नाही. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी मलाच जाऊन सांगावं लागंल.”

मग ती पायरी चढून आत गेली आणि खिडकीशी बसली.